एकतीस सेंटची ठेव

माणूस गेल्यावर त्याच्याविषयी जो चार ओळींचा मजकूर छापला जातो, त्यातले एक ठरावीक वाक्य मला नेहमी अडवते. ‘त्या यशस्वी उद्योजिका, समाजसेविका आणि वत्सल माता होत्या.’ वाक्यात खोटे काही नसते आणि लिहिणाऱ्याचा हेतूही चांगलाच असतो, पण त्यातला तो ‘आणि’ मला खटकतो. जणू काही बाई कचेरीच्या वेळेत उद्योजिका होती, सुट्टीच्या दिवशी समाजसेविका होती आणि दिवेलागणीनंतर घरी येऊन तिने मातृत्व तेवढे अंगावर घेतले. जगलेल्या आयुष्यात अशा भिंती नसतात. निदान ज्या एका बाईच्या आयुष्याविषयी मी गेली काही वर्षे जमेल तसे वाचत आलो आहे, तिच्या आयुष्यात तरी त्या नव्हत्या.

आधी माझा स्वतःचा एक गुन्हा कबूल करतो. मी बँकेत रोखपाल होतो. आमच्याकडे एक वयस्कर बाई दर आठवड्याला कापडी पिशवीतून चिल्लर घेऊन येत. पिशवी खिडकीच्या फळीवर ठेवून त्या एकेका नाण्याच्या चळती लावू लागल्या, की मागच्या रांगेत चुळबुळ सुरू होई आणि खरे सांगायचे तर माझ्याही कपाळावर आठी पडे. एकदा न राहवून मी म्हणालो, “मावशी, महिन्यातून एकदाच आणत जा ना सगळे.” त्यांनी मान वर न करता उत्तर दिले, “साहेब, महिनाभर घरात राहिले तर ते उरतील का?” मी गप्प बसलो. अल्पबचतीवर मी पुढे बरीच प्रशिक्षणे घेतली, पण त्या एका प्रश्नात होते तेवढे अर्थशास्त्र मला त्यांपैकी कशातही भेटले नाही. ती बाई म्हणजे अमेरिकेत बँक काढणाऱ्या कृष्णवर्णीय मॅगी लीना वॉकर. त्यांचे चरित्र पहिल्यांदा हाती आले आणि त्यात एकतीस सेंटच्या एका खात्याचा उल्लेख वाचला, तेव्हा मला ही पिशवी आठवली.

मॅगीचा जन्म १८६४ सालचा, अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहरातला. यादवी युद्ध चालू होते आणि गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांची राजधानी रिचमंड हीच होती. तिची आई एलिझाबेथ ड्रेपर ही पूर्वाश्रमीची गुलाम. ती एलिझाबेथ व्हॅन ल्यू या श्रीमंत गोऱ्या बाईंच्या घरी स्वयंपाकघरात काम करत असे. गंमत अशी, की राजधानीच्या ऐन मध्यात राहून या व्हॅन ल्यूबाई उत्तरेकडील सैन्यासाठी हेरगिरी करत होत्या. वडील गोरे, आयरिश वंशाचे वार्ताहर. त्यांचे आणि एलिझाबेथचे लग्न झाले नाही. पुढे एलिझाबेथने विल्यम मिचेल या कृष्णवर्णीय माणसाशी लग्न केले, मॅगीला एक धाकटा भाऊ झाला आणि मिचेल एका मोठ्या हॉटेलात मुख्य वाढपी म्हणून कामाला लागल्यावर संसार जरा मार्गी लागतो आहे असे वाटत असतानाच, १८७६ मध्ये त्यांचे प्रेत जेम्स नदीत सापडले. पोलिसांनी आत्महत्या म्हणून प्रकरण मिटवले. एलिझाबेथचा शेवटपर्यंत विश्वास होता की तो खून होता.

दोन मुले पदरात असलेल्या त्या बाईने घरी धुण्याची कामे घ्यायला सुरुवात केली. गोऱ्या कुटुंबांचे कपडे आणायचे, धुवायचे, वाळवून इस्त्री करायचे आणि पुन्हा पोचवायचे. पोचवण्याचे काम मॅगीचे. आपण श्रीमंतीत तर नाहीच, जवळजवळ डोक्यावर धुण्याची टोपली घेऊनच जन्माला आलो, असे त्या पुढे भाषणांतून सांगत. मला या टोपलीचे फार महत्त्व वाटते. अकरा-बारा वर्षांची मुलगी मागच्या दाराने शहरातल्या घरांत जाते, कपडे मोजून देते, पैसे मोजून घेते, आणि घरी आल्यावर त्याच पैशांतून आई कोळसा किती, साबण किती, भाडे किती याची वाटणी करताना पाहते. धंदा म्हणजे काय हे तिला कोणी वेगळे शिकवले नाही. आईचे आईपण आणि आईचा धंदा तिने एकाच ओट्यावर, एकाच वाफेत पाहिला होता.

शाळेत ती हुशार होती. १८८३ मध्ये शिक्षण पुरे करून ती शिक्षिका झाली आणि १८८६ मध्ये आर्मस्टेड वॉकर या तरुणाशी तिचे लग्न झाले. वॉकर कुटुंबाचा विटांचा आणि बांधकामाचा व्यवसाय होता. विवाहित स्त्रीला तिथे शिक्षिका म्हणून राहता येत नसे, म्हणून नोकरी सुटली. आता इथून पुढे माझ्या लेखणीला ‘ती’ म्हणवत नाही. मॅगी वॉकर यांना ‘त्या’च म्हणायला हवे.

नोकरी सुटली तरी एक काम सुटले नव्हते. वयाच्या चौदाव्या वर्षी त्या ‘इंडिपेंडंट ऑर्डर ऑफ सेंट ल्यूक’ या संस्थेच्या सभासद झाल्या होत्या. मेरी प्राउट या कृष्णवर्णीय बाईंनी १८६७ मध्ये बाल्टिमोर येथे सुरू केलेली ही परस्पर साहाय्याची संस्था. सभासदांनी थोडी थोडी वर्गणी भरायची. कोणी आजारी पडले तर त्यातून मदत करायची आणि कोणी गेले तर सन्मानाने दफन करायचे. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या समाजाला विमा कंपन्या दारात उभे करत नव्हत्या किंवा केलेच तर अडवून लुबाडत, म्हणून अशा संस्थांचे जाळे तेव्हा ठिकठिकाणी विणले गेले होते. मॅगी वॉकर यांनी आजाऱ्यांच्या भेटीगाठी घेण्यापासून सुरुवात केली आणि १८९५ मध्ये संस्थेत मुलांसाठी स्वतंत्र विभाग काढायला लावला. त्याच्या मागच्यापुढच्या काही वर्षांत त्यांच्या घरात पाळणा हलला होता. थोरला रसेल १८९० चा. मधला मुलगा काही महिन्यांतच गेला. धाकटा मेल्विन १८९७ चा. म्हणजे हा मुलांचा विभाग ज्या बाईने उभा केला, तिच्या घरात त्या वेळी एक लहान मूल होते आणि दुसऱ्याची जागा रिकामी झाली होती. चरित्रकार हे दोन वेगळ्या प्रकरणांत लिहितात. मला ते एकाच पानावरचे वाटते.

१८९९ मध्ये संस्था मोडकळीस आली. गंगाजळीत एकतीस डॉलर आणि एकसष्ट सेंट, आणि चुकवायची बिले चारशे डॉलरांची. आधीच्या सचिवांनी जहाज बुडते आहे असे पाहून पद सोडले आणि त्यांच्या एक-तृतीयांश पगारावर मॅगी वॉकर यांनी ते घेतले. मी ताळेबंद पाहण्यात आयुष्य घालवलेला माणूस आहे. असा ताळेबंद पुढ्यात आला तर मी काय सल्ला दिला असता हे मला पक्के ठाऊक आहे. त्यांनी मात्र वर्गणी वाढवण्याऐवजी सभासद वाढवले. गावोगाव फिरून त्या बोलत राहिल्या. ऑगस्ट १९०१ मधल्या संस्थेच्या अधिवेशनात त्यांनी आपला बेत मांडला : एक वर्तमानपत्र, एक बचत बँक, एक कारखाना आणि एक मोठे दुकान. त्या भाषणात त्या म्हणाल्या, आपले पैसे आपण एकत्र करू, आपणच ते वापरू, आपल्यातच व्याजाने लावू आणि त्याचे फळही आपणच घेऊ. आपली अशी बँक असू दे, जी पाच सेंटची नाणी घेईल आणि त्यांचे डॉलर करील.

वर्तमानपत्र १९०२ मध्ये निघाले. बँकेचे काम शिकण्यासाठी त्या शहरातल्या एका गोऱ्या बँकेत काही तास जाऊन बसत आणि कामकाज बघत. अडतिशीच्या घरातली, दोन मुलांची आई, हजारो सभासदांच्या संस्थेची प्रमुख, आणि दुसऱ्याच्या पेढीवर शिकाऊ म्हणून बसते. कारकुनी कामाचा तिरस्कार नसणे हा गुण थोरामोठ्यांच्या चरित्रांत क्वचितच नोंदवला जातो, म्हणून मी तो इथे नोंदवून ठेवतो.

२ नोव्हेंबर १९०३ रोजी ‘सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक’ उघडली. अमेरिकेत बँकेची सनद मिळवून ती स्थापन करणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री म्हणून मॅगी वॉकर यांचे नाव घेतले जाते. पहिल्या दिवशी दोनशे ऐंशीच्या आसपास लोकांनी ठेवी ठेवल्या आणि रक्कम आठ हजार डॉलरांच्या वर गेली. काहींनी शंभर डॉलर आणले. एकाने एकतीस सेंट आणले.

या एकतीस सेंटपाशी मी पुन्हा पुन्हा येतो, कारण खिडकीच्या आतल्या बाजूने मला ते खाते दिसते. नवीन खात्यासाठी एक पासबुक लागते. खातेवहीत एक पान किंवा निदान एक ओळ लागते. नमुना सहीचा कागद लागतो, सही येत नसेल तर साक्षीदार लागतो. लेखनिकाने नाव विचारायचे, स्पेलिंग विचारायचे, टाक दौतीत बुडवून दोन ठिकाणी लिहायचे, टिपकागद दाबायचा, पैसे मोजायचे, आणि संध्याकाळी रोकड जुळवताना ते एकतीस सेंटही जुळवायचे. कारण रोजकीर्द एका सेंटने चुकली तरी घरी जाता येत नाही, हे जगातल्या कुठल्याही रोखपालाला विचारावे. धंद्याच्या दृष्टीने ते खाते तोट्याचे. शंभर डॉलरवाल्याच्या खात्याला जेवढी शाई लागली, तेवढीच या खात्याला लागली. त्या दिवशी कुणीही त्या माणसाला ‘पुढच्या महिन्यात एकदम आणा’ असे म्हणाले नाही, एवढे खरे.

बँकेने मुलांना पुठ्ठ्याचे छोटे गल्ले वाटले. त्यात एकेक सेंट टाकत जायचे आणि शंभर झाले की बँकेत येऊन स्वतःचे खाते उघडायचे. घरात मूल सांभाळणाऱ्या बाईलाच ही गोष्ट सुचू शकते, असे मला वाटते. मुलाच्या हातात पैसा द्यायचा, पण फोडता येईल असा नाही. भरत आलेला गल्ला हलवून पाहण्याचा आनंद द्यायचा, आणि तो भरल्यावर खाऊच्या दुकानाऐवजी बँकेच्या पायऱ्या चढायला शिकवायचे. मोठ्यांसाठी याच गल्ल्याचे रूप म्हणजे गृहकर्ज. १९२० पर्यंत या बँकेच्या मदतीने सहाशेहून अधिक कृष्णवर्णीय कुटुंबांनी आपापली घरे घेतली होती. धुणी धुणाऱ्या बाईच्या मुलीला भाडे थकल्यावर काय होते हे माहीत असते.

आणखी एक काम त्यांनी गाजावाजा न करता केले. रिचमंडमधल्या कृष्णवर्णीय बाईला तेव्हा पोटासाठी दोनच मुख्य वाटा होत्या : गोऱ्यांच्या घरची धुणी-भांडी-स्वयंपाक, नाहीतर तंबाखूचे कारखाने. मॅगी वॉकर यांच्या संस्थेच्या कचेरीत टंकलेखनाच्या यंत्रावर, हिशेबाच्या वह्यांपुढे, बँकेच्या खिडकीत बायका बसल्या. बँकेच्या संचालक मंडळातही बायका होत्या. खुर्चीवर बसून, स्वच्छ कपड्यांत, डोके वापरून करायचे काम. ते मिळाल्यावर घरातल्या मुलीकडे बघण्याची आईची नजरच बदलत असणार.

सगळेच साधले असे मात्र नाही. १९०५ मध्ये त्यांनी ‘सेंट ल्यूक एम्पोरियम’ हे मोठे दुकान काढले. विक्रेत्या आपल्या, माल रास्त भावाचा, गिऱ्हाइकाला पुढच्या दाराने मानाने आत घेणार. गोऱ्या व्यापाऱ्यांनी एकजूट केली, घाऊक पुरवठादारांवर दबाव आणला. तो विरोध त्यांनी गृहीत धरला होता. जिव्हारी लागले ते वेगळेच : आपलीच माणसे आपल्या दुकानावरून पुढे जाऊन, जिथे त्यांना टोपी घालून बघायलाही मज्जाव होता, तिथे खरेदी करत राहिली. १९०६ मध्ये खास पुरुषांसाठी दिलेल्या भाषणात त्यांनी वर्णद्वेषाला सिंहाची उपमा दिली आणि सांगितले, की हा सिंह मारायचा एकच उपाय आहे, त्याला खाऊ घालणे थांबवा. भाषण गाजले. दुकान काही वर्षांतच बंद करावे लागले. समाजासाठी काम करणाऱ्या माणसाला समाजावर रागावण्याची मुभा असावी का, हा प्रश्न इथे मनात येतोच. त्या रागावल्या, स्पष्ट बोलल्या आणि दुसऱ्या दिवशी बँकेत गेल्या.

घराविषयी लिहायला हवे. जॅक्सन वॉर्ड या वस्तीत, ईस्ट ली स्ट्रीटवर, १९०४ मध्ये त्यांनी घर घेतले आणि ते वाढत वाढत अठ्ठावीस खोल्यांचे झाले. खोल्या हौसेसाठी वाढल्या नाहीत. मुलांची लग्ने झाली, सुना आल्या, नातवंडे झाली आणि सगळी त्याच छपराखाली राहिली. आई एलिझाबेथ १९२२ मध्ये जाईपर्यंत लेकीजवळच होती. पॉली अँडरसन ही मुलगी त्यांनी मानलेली लेक म्हणून वाढवली आणि घरचा मोठा भार पुढे तिनेच उचलला. हे मी मुद्दाम सांगतो आहे. कर्तबगार बाईचे कौतुक करताना ‘तिने घर आणि काम दोन्ही सांभाळले’ असे म्हणायची आपल्याला सवय आहे. पण अठ्ठावीस खोल्यांचे घर एका बाईने बँक चालवता चालवता सांभाळलेले नसते. तिथे एक आई चुलीशी असते, एक पॉली किल्ल्या घेऊन फिरत असते. मॅगी वॉकर यांचे मोठेपण यात आहे, की ज्यांच्या खांद्यावर त्या उभ्या होत्या ती माणसे त्यांच्या घरात होती, ताटावर होती, नावानिशी होती.

आणि मग १९१५ चा जून महिना आला. घराच्या आसपास चोर फिरतो आहे अशी धास्ती होती. २० जूनच्या रात्री चोवीस वर्षांच्या रसेलने मागच्या सज्जात हालचाल पाहिली आणि पिस्तूल झाडले. तो चोर नव्हता. ते त्याचे वडील होते. रसेलवर खुनाचा खटला भरला गेला. वर्तमानपत्रांनी घर चव्हाट्यावर आणले, कुजबूज सुरू झाली आणि संस्थेतल्या काहींनी ही संधी साधून मॅगी वॉकर यांना पदावरून दूर करण्याचा प्रयत्न केला.

या काही महिन्यांविषयी लिहिताना माझा हात अडखळतो. ज्याच्याबरोबर जवळजवळ एकोणतीस वर्षे संसार केला तो नवरा गेला आहे, आणि तो ज्याच्या हातून गेला तो आपलाच मुलगा आहे. शोक करायचा तर मुलाच्या डोळ्यांदेखत करायचा. मुलाला जवळ घ्यायचे तर नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीशेजारी. त्या मुलाच्या बाजूने उभ्या राहिल्या. वर्ष संपण्यापूर्वी न्यायालयाने रसेलला निर्दोष ठरवले. संस्थेतही त्या आपल्या जागी राहिल्या. त्या काळात बँकेच्या दारावर घाबरलेल्या ठेवीदारांची रांग लागली असती, तर कोणी दोष दिला नसता. प्रमुखाच्या घरात मृत्यू, खटला आणि बदनामी एकाच वेळी असताना पैसा सगळ्यात आधी पळतो. पण बँक उभी राहिली. मला यात ठेवीदारांचेही थोडे मोठेपण दिसते. ज्या बाईने त्यांची चिल्लर मोजून घेतली होती, तिला त्यांनी वेळ दिला.

रसेल मात्र त्या रात्रीतून कधी पूर्ण बाहेर आला नाही. दारू आणि खिन्नता यांनी त्याला पोखरले आणि १९२३ मध्ये तो गेला. मॅगी वॉकर यांची आई जाऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. वत्सल माता हे दोन शब्द छापणाऱ्याला अर्ध्या ओळीत बसवता येतात, पण त्यात निर्दोष सुटलेल्या मुलाला आठ वर्षे घरात डोळ्यांसमोर खचताना पाहणेही येते, आणि त्याच आठ वर्षांत सकाळी उठून सहाशे कुटुंबांच्या घरांची कर्जे तपासायला जाणेही येते.

रिचमंडमधल्या इतर काही कृष्णवर्णीय बँका एकेक करून बुडाल्या. ‘ट्रू रिफॉर्मर्स’ या अशाच परस्पर साहाय्याच्या संस्थेची १९१० मध्ये, वर्तमानपत्राचे संपादक जॉन मिचेल यांची मेकॅनिक्स सेव्हिंग्ज बँक १९२२ मध्ये. मंदीची लाट आली तेव्हा मॅगी वॉकर यांनी मोठेपणाचा हट्ट धरला नाही. शहरातल्या दुसऱ्या बँकेशी विलीनीकरण करून १९३० मध्ये ‘कन्सॉलिडेटेड बँक अँड ट्रस्ट’ उभी केली, आपल्या बँकेचे नाव पुसले जाऊ दिले आणि संचालक मंडळाचे अध्यक्षपद घेतले. २००५ मध्ये दुसऱ्या एका बँकसमूहाने विकत घेईपर्यंत ती बँक स्वतंत्रपणे चालली. आपण दिलेले नाव सोडून देऊन आपण जपलेली ठेव वाचवणे ही गोष्ट धंद्यातल्या पुरुषांना फारशी जमत नाही, असे माझे निरीक्षण आहे. त्यावर वाद घालायला माझी हरकत नाही.

गुडघ्याच्या जुन्या दुखापतीने आणि मधुमेहाने त्यांचे पाय निकामी होत गेले आणि १९२८ च्या सुमारास चाकांची खुर्ची आली. लोक त्यांना ‘लंगडी सिंहीण’ म्हणू लागले, आणि त्यात चेष्टेपेक्षा धाक अधिक होता. १५ डिसेंबर १९३४ रोजी, सत्तर वर्षांच्या होऊन, त्या गेल्या. ते घर पुढे कुटुंबाकडून राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आले आणि आत त्यांचेच सामान आहे. पण माझ्या मनात राहिले आहे ते शेवटच्या वर्षांतले एक नेहमीचे सकाळचे दृश्य. जिने चढता-उतरता येईनात तेव्हा त्यांनी घराला लिफ्ट बसवून घेतली होती आणि खुर्ची आत घेता येईल अशी मोटार तयार करून घेतली होती. नातवंडांचा गलका मागे ठेवून खुर्ची लिफ्टमध्ये शिरते, पाळणा हळूहळू खाली उतरतो, मागच्या बाजूला मोटार उभी असते. आणि बँकेच्या खिडकीपाशी कोणीतरी मुठीतली नाणी मोजत आधीच उभे असते.